अंगाचा भार आणि मनाचा भार

या वार्षिकाच्या मराठी विभागांत विद्येचें महत्त्व, वेळेचा सदुपयोग, शीलाची जोपासना इत्यादि विषयांवर लेख येत असतात, आणि ते यावे हें योग्यच आहे. परंतु ज्या देहाच्या आधारानें विद्या मिळवावयाची, वेळ साधावयाची व शील राखावयाचें, त्या देहाविषयीं आपल्या या पानांवर क्वचितच कांहीं लिहिलें जातें. यंदा आम्हीं मुद्दाम तो विषय घेतला आहे. स्थूलपणा, रक्तांतील चरबी आणि मनाची उदासी या तीन गोष्टी प्रथमदर्शनीं निरनिराळ्या दिसतात. पहिलीची आपण थट्टा करतों, दुसरीची धास्ती घेतों आणि तिसरी लपवून ठेवतों. आमच्या मतें या तिहींचें नातें फार जवळचें आहे, आणि त्यांवरील उपायही बव्हंशीं एकच आहे. तो उपाय आपल्या स्वयंपाकघरांत व आपल्या मैदानावर आहे. हें कसें, तें विद्यार्थ्यांस समजेल व पालकांस पटेल अशा रीतीनें सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम स्वतःचीच हकीकत सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं आमचें वजन ९४ किलो होतें. घरापासून शाळा अवघी दोन किलोमीटर. पण तेवढें अंतरही आम्ही स्कूटरवर जात असूं. दिवसभर वर्गांत उभें राहणें होतें, म्हणून आपला व्यायाम आपोआप होतो अशी आमची समजूत होती. सायंकाळीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, त्याबरोबर चहा, आणि चहाबरोबर कचोरी वा शेव, हा क्रम ठरलेला. रात्रीं झोंप नीट लागेना, सकाळीं उठावेंसें वाटेना, आणि वर्गांत मुलांच्या लहानसहान चुकांवरून आमचा आवाज चढूं लागला. हें वयोमानाप्रमाणें होत असावें, असें आम्ही स्वतःस समजावीत होतों. पुढें एकदां रक्ताची तपासणी करण्याचा प्रसंग आला. एकूण कोलेस्टेरॉल २४८, त्यांतील अपायकारक भाग १६०, हितकारक भाग अवघा ३६, आणि ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी २६०, असे आंकडे कागदावर आले. डॉक्टरांनीं कागद पाहून शांतपणें सांगितलें, "औषधाची पाळी आज आलेली नाहीं, पण आहे हेंच चालू राहिलें तर ती येईल. मधले सहा महिने तुमच्या हातीं आहेत." त्या सहा महिन्यांत आम्हीं काय केलें व काय शिकलों, त्यांतूनच हा लेख जन्मला आहे.

कोलेस्टेरॉल हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो, परंतु त्याचा अर्थ फार थोड्यांस ठाऊक असतो. हा मेणासारखा एक पदार्थ आहे. तो विष नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणास तो लागतो, पचनाचें पित्त त्यापासून बनतें, आणि त्याचा मोठा भाग आपलें यकृत स्वतःच तयार करतें. रक्तांतून त्याची ने-आण करणारे कण मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. एक प्रकार तो पेशींकडे घेऊन जातो; हे कण फार झाले म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचूं लागतात, वाहिन्या अरुंद होतात, आणि पुढें हृदयविकार किंवा अर्धांगवायु यांस वाट मिळते. दुसरा प्रकार उरलेला माल परत यकृताकडे आणतो. म्हणून पहिल्यास वाईट व दुसऱ्यास चांगला असें सोप्या भाषेंत म्हणतात. यकृतावर या वाईट कणांस पकडून आंत घेणारीं जणूं दारें असतात. हा शोध ब्राऊन व गोल्डस्टीन या दोघां अमेरिकन वैद्यांनीं लावला, आणि त्याबद्दल त्यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पति तूप, लोणी, तळणीचे पदार्थ यांतील घट्ट चरबी अति झाली म्हणजे हीं दारें कमी होतात, आणि वाईट कण रक्तांतच फिरत राहतात. उलटपक्षीं डाळी, ओट, जवस, फळें यांतील पाण्यांत विरघळणारा तंतु आंतड्यांत पित्तास धरून बाहेर नेतो. मग नवें पित्त करण्यासाठीं यकृत रक्तांतलेंच कोलेस्टेरॉल ओढून घेतें. म्हणजे ताटांत काय आहे त्यावर यकृताचा व्यवहार अवलंबून असतो.

व्यायामाचें काम याहून थोडें निराळें आहे, आणि तें नीट समजून घेतलें पाहिजे. नाहींतर निराशा पदरीं येते. चालण्यानें वा धावण्यानें स्नायु रक्तांतील ट्रायग्लिसराइड जाळतात, त्यामुळें तें चांगलें उतरतें. हितकारक कोलेस्टेरॉल थोडेंसें वाढतें. परंतु अपायकारक भाग केवळ व्यायामानें फारसा हालत नाहीं. त्यास मुख्यतः आहारच बदलावा लागतो. ज्यांनीं खाणें तसेंच ठेवून नुसतें चालणें सुरू केलें, आणि ज्यांनीं चालणें टाळून नुसती उपासमार केली, ते दोघेही अर्ध्या वाटेवर थांबतात. शिवाय वजन शेंकडा पांच ते दहा इतकें जरी उतरलें, तरी रक्ताच्या आंकड्यांत फरक दिसूं लागतो. सडपातळ होण्याचा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. आमचें वजन सहा महिन्यांत ९४ वरून ८७ वर आलें. ट्रायग्लिसराइड २६० वरून १६५ झालें, अपायकारक भाग १६० वरून १३८ वर आला, आणि हितकारक भाग ३६ चा ४० झाला. आरशांत पाहणाऱ्यास आम्ही पूर्वीचेच जाड गृहस्थ दिसत होतों; परंतु आंतील हिशेब बदलला होता.

आतां मनाकडे वळूं. आमच्या बाबतींत सर्वांत आधीं जी गोष्ट बदलली ती वजन नव्हे, रक्तही नव्हे, तर झोंप आणि स्वभाव. तिसऱ्या आठवड्यांतच रात्रीं गाढ झोंप येऊं लागली, आणि वर्गांतील आमचा आवाज खालीं आला. ही दुसरी गोष्ट आमच्या आधीं विद्यार्थ्यांच्या ध्यानीं आली. ही केवळ एका शिक्षकाची भावना नव्हे. २०१० सालीं अनेक अभ्यासांचें एकत्र परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, स्थूल माणसास पुढें औदासीन्याचा विकार जडण्याचा संभव इतरांहून शेंकडा ५५ नें अधिक असतो, आणि औदासीन्य असलेल्या माणसास पुढें स्थूलपणा येण्याचा संभव शेंकडा ५८ नें अधिक असतो. म्हणजे ही वाट दोन्ही बाजूंनीं वाहती आहे. अंग जड झालें म्हणजे मन खचतें. मन खचलें म्हणजे माणूस घरांत बसतो, गोड व तळलेलें खातो, आणि अंग आणखी जड होतें. हें चक्र कोठें तरी तोडावें लागतें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत १९९९ सालीं पन्नाशीपुढील १५६ उदासीन रुग्णांवर झालेल्या प्रयोगांत सोळा आठवड्यांच्या नियमित व्यायामाचा गुण औषधाच्या गुणाइतकाच दिसून आला. ऑस्ट्रेलियांत २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६७ रुग्णांच्या प्रयोगांत, ज्यांस बारा आठवडे भाज्या, डाळी, फळें, अखंड धान्यें यांचा आहार शिकविला त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोक विकारमुक्त झाले. ज्यांस केवळ सोबत व गप्पागोष्टी दिल्या त्यांत हें प्रमाण शेंकडा आठ होतें. प्रयोग लहान आहेत हें खरें. परंतु त्यांची दिशा आमच्या आजीबाईंच्या अनुभवाशीं जुळते, म्हणून आम्हांस तो विश्वसनीय वाटतो.

येथें आम्हांस एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तो अंगानें बराच स्थूल होता. कवायतीच्या तासास तो दरवेळीं पाय दुखत असल्याची चिठ्ठी आणी, आणि आम्ही त्यास वर्गांत बसूं देत असूं. यांत आपण दया करीत आहों असेंच आम्हांस वाटे. एके दिवशीं सहज विचारलें, "कायरे, पाय दर मंगळवारींच कसा दुखतो?" तो बराच वेळ खालीं पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "सर, मी धावलों कीं सगळे हंसतात. बसून राहिलों म्हणजे कोणी पाहत नाहीं." त्या दिवशीं आम्हांस आपलीच लाज वाटली. ज्या मुलास मैदानाची गरज सर्वांत अधिक, त्यासच आम्हीं दयेच्या नांवाखालीं मैदानाबाहेर बसविलें होतें. आणि जे हंसत होते त्यांस एका शब्दानेंही विचारलें नव्हतें.

पुढें आम्हीं दोन गोष्टी केल्या. पहिली अशी कीं, वर्गापुढें उभें राहून स्पष्ट सांगितलें कीं, कोणाच्या अंगावरून थट्टा करणें ही या वर्गांत खोटें बोलण्याइतकीच गंभीर चूक मानली जाईल. दुसरी अशी कीं, शर्यतीऐवजीं आठवड्यांतून तीन दिवस लेझीम सुरू केली. शर्यतींत कोणी तरी शेवटचा येतोच. लेझिमींत शेवटचा कोणी नसतो, सर्वांचें पाऊल एकदमच पडतें. मागच्या ओळींत आम्हीही लेझीम घेऊन उभे राहिलों. आमचें पाऊल त्या मुलापेक्षां अधिक चुकत असे, आणि मुलें हंसलीं तर आम्हांस हंसत, त्यास नव्हे. वर्षाअखेर त्याचें वजन फारसें उतरलें नव्हतें. उंची मात्र वाढली होती. परंतु मार्चपर्यंत त्याची एकही चिठ्ठी आली नाहीं, आणि गॅदरिंगच्या दिवशीं तो पहिल्या ओळींत होता. आमच्या मतें शाळेनें मोजावयाची प्रगति ती हीच.

लेझिमीचें नांव निघालें म्हणजे अमरावतीकरांस आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण होणारच. १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनीं ही संस्था काढली. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले, त्या प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन कबड्डी इत्यादि देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. ज्या वऱ्हाडास बाहेरचे लोक केवळ कापूस आणि ऊन यांसाठीं ओळखत, त्या वऱ्हाडच्या तरुणांनीं युरोपांतील क्रीडांगणावर आपली कला दाखवावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अभिमान एक आणि आचरण दुसरें. बर्लिनच्या त्या पथकाच्या गांवांतील किती घरांत आज मुलगा किंवा मुलगी दररोज तासभर घाम गाळते, हा प्रश्न आम्ही नम्रपणें विचारतों. जागतिक आरोग्य संघटनेनें पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस दिवसास सरासरी साठ मिनिटें, आणि प्रौढांस आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. दीडशें मिनिटें म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास झपाझप चालणें; यास पैसाही लागत नाहीं आणि यंत्रही लागत नाहीं.

बैठें काम करणाऱ्यांस काय भोगावें लागतें याचें एक जुनें उदाहरण बोधप्रद आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉक्टर मॉरिस यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटें देण्यासाठीं दिवसभर जिने चढत-उतरत. नोकरी एकाच गाडीवर, तरी हृदयविकार चालकांत वाहकांहून अधिक आढळला. आज आपण सारेच चालक झालों आहों. शेतकऱ्याच्या मुलाकडे मोटारसायकल आहे, कारकुनाची खुर्ची चाकांची आहे, आणि खेळ बोटांच्या टोकावर आला आहे. या सुखसोयी वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु जे श्रम पूर्वीं पोटासाठीं करावे लागत, ते आतां आरोग्यासाठीं मुद्दाम करावे लागतील, एवढें ओळखलें पाहिजे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत देशांतील सुमारें २५ कोटि प्रौढ स्थूल, आणि सुमारें २१ कोटि लोकांचें कोलेस्टेरॉल वाढलेलें, असा अंदाज निघाला आहे. हा आतां श्रीमंतांचा रोग राहिलेला नाहीं.

आहाराविषयीं बोलूं लागलें कीं लोकांस वाटतें, आतां परदेशी पाला व महाग बिया सांगणार. आमचें मत अगदीं उलट आहे. वऱ्हाडचें जुनें ताट डोळ्यांपुढें आणा: ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा, ताक. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें दहा ग्रॅम तंतु असतो. डाळींत प्रथिनें आहेत. जवसांत तंतु आहे आणि हृदयास हितकर असें तेलही आहे. हें ताट आपण गरिबीचें म्हणून बाजूस सारलें. आमच्या डोळ्यांदेखत वऱ्हाडच्या शिवारांत ज्वारी मागें पडली आणि सोयाबीन पुढें आलें; घरांत भाकरीच्या जागीं मैद्याचे बिस्कीट, पाव आणि नूडल आले. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ ज्वारीवर संशोधन करीत आलें आहे, आणि भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. जग ज्वारीकडे वळत असतां वऱ्हाडी मुलानें डब्यांत भाकर नेण्यास लाजावें, हें आम्हांस खेदाचें वाटतें. तीच गोष्ट फळांची. वरूड-मोर्शीचीं संत्रीं आपल्या दाराशीं येतात; तीं सोडून मुलें नारिंगी रंगाचें साखरपाणी बाटलींतून पितात. संत्र्यांत तंतु आहे. बाटलींत केवळ रंग आणि साखर.

तेलाबद्दलही एक भ्रम दूर केला पाहिजे. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलरहित' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें, आणि तें वाचून गृहिणी सढळ हातानें ओतते. वनस्पतीच्या तेलांत कोलेस्टेरॉल मुळांत नसतेंच. हें छापणें म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'अग्निरहित' लिहिण्यासारखें आहे. मात्र प्रत्येक तेल ही शुद्ध चरबीच आहे, आणि अति झालें म्हणजे वजन वाढवितेंच. वनस्पति तुपाची कथा तर अधिक शिकविणारी आहे. १९३७ च्या सुमारास डालडा बाजारांत आला आणि तुपाचा स्वस्त सोबती म्हणून घरोघरीं शिरला. पुढें कळलें कीं, तेल घट्ट करण्याच्या क्रियेंत उत्पन्न होणारी विशिष्ट चरबी अपायकारक कोलेस्टेरॉल वाढविते आणि हितकारक घटविते. शेवटीं २०२२ च्या जानेवारीपासून सरकारनें तेल-तुपांतील या चरबीस शेंकडा दोनची मर्यादा घातली. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत, दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठीं दिवसास धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळें १००, डाळी किंवा अंडीं-मांस ८५, तेलबिया व सुकामेवा ३५, दूध वा दही ३०० मिलिलिटर, आणि तेल-तूप अवघें २७ ग्रॅम सांगितलें आहे. चार माणसांच्या घरास हें तेल महिन्यास सुमारें साडेतीन लिटर होतें. पालकांनीं तेलाचा नवा डबा फोडतांना त्यावर तारीख लिहावी, आणि तो किती दिवसांत संपतो तें पाहावें. आमच्या घरीं हा प्रयोग केला तेव्हां आम्ही ठरल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट खात होतों असें निघालें. सणावारांवर आमचा रोष नाहीं. पोळा, दिवाळी, ईद आणि नाताळ वर्षांतून एकदांच येतात. अपाय सणाचा नव्हे. रोज सायंकाळीं गिला वडा आणि कचोरी यांचा सण साजरा करण्याचा आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणतील, "आमच्या घराण्यांतच जाडी आहे, उपाय काय?" अनुवंशाचा भाग खरा आहे. कांहीं घराण्यांत तर सडपातळ माणसांचेंही कोलेस्टेरॉल जन्मतः फार असतें. त्यांस डॉक्टरांचें औषध घ्यावेंच लागतें, आणि त्यांत कमीपणा नाहीं. परंतु अनुवंशाबरोबर घरांतील कढई आणि घरांतील संवयीही वारशानें येतात. त्या बदलणें आपल्या हातीं आहे. दुसरे कोणी म्हणतील, "जाड माणसें आळशी, त्यांस टोंचून बोललें म्हणजे सुधारतात." आम्हीं वीस वर्षें वर्गांत काढलीं, टोंचणीनें सुधारलेला एकही मुलगा आम्हांस दिसला नाहीं, टोंचणीनें चोरून खाणारे मात्र अनेक पाहिले. घरांत मुलास 'जाड्या' किंवा मुलीस 'भोपळा' म्हणून हांक मारणाऱ्या आईबापांस आमची कळकळीची विनंति आहे कीं, त्यांनीं हें आजपासून बंद करावें. वाढत्या वयाच्या मुलांस उपाशी ठेवूं नये. दर आठवड्यास वजनकांट्यावर उभें करूं नये. सर्व घराचें ताट एकच असावें; एकट्या स्थूल मुलास भाकर आणि बाकीच्यांस पुरी, हा दंड आहे, उपचार नव्हे.

तिसरा आक्षेप पालकसभेंत दरवर्षीं ऐकूं येतो: "सर, दहावीचें वर्ष आहे, ग्राउंड पुढच्या वर्षीं." सकाळीं शिकवणी, दुपारीं शाळा, सायंकाळीं पुन्हां शिकवणी, आणि रात्रीं डोळे मिटेपर्यंत पुस्तक, अशा मुलाचें अंग वाढतें आणि उत्साह घटतो. जे वर्ष मनावर सर्वांत अधिक ताण आणणारें, त्याच वर्षीं मन हलकें करण्याचा उपाय बंद करावयाचा, हा कोणता हिशेब? दोष केवळ पालकांचा नाहीं. परीक्षा जवळ आली कीं कवायतीचा तास गणितास देणारे आम्ही शिक्षकही या चुकीचे भागीदार आहों, आणि आम्ही हें येथें लिहून ठेवीत आहों, म्हणजे पुढें आम्हांस कोणी आठवण देईल.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी बोलत नाहीं, म्हणूनच ती आम्ही बोलतों, ती मातांविषयीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरींत देशांतील शेंकडा २४ स्त्रियांचें वजन प्रमाणापेक्षां अधिक आढळलें. पुरुषांचें प्रमाण जवळजवळ तेवढेंच आहे. परंतु पहांटे वडाळी तलावाकडे वा छत्री तलावाकडे फिरावयास जाण्यास पुरुषांस सवड मिळते. आई त्या वेळीं डबे भरीत असते. ती सर्वांच्या मागून जेवते, पातेल्यांत उरलेलें वायां जाऊं नये म्हणून तेंही खाते, आणि तिला सांगितलें जातें कीं घरकाम हाच तिचा व्यायाम. तिची उदासी तर कोणाच्या हिशेबींच नसते. मुलांनो, तुम्ही मोठे झालां आहां. आठवड्यांतून पांच दिवस सकाळचीं भांडीं किंवा झाडलोट तुम्हीं घेतली, तर आईस अर्धा तास चालावयास मिळेल, आणि तुमच्याही अंगास श्रम होतील. याच जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं जन्मभर हातांत खराटा घेऊन गांवें झाडलीं. झाडण्यांत लाज कसली?

शेवटीं दोन सावधगिरीच्या सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. ज्यांस डॉक्टरांनीं औषध चालू केलें आहे, त्यांनीं हा लेख वाचून तें बंद करूं नये; आहार व व्यायाम औषधाच्या जोडीस आहेत. ज्यांस छातींत दुखतें वा चालतांना दम लागतो, त्यांनीं आधीं तपासून घ्यावें. आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत, जेव्हां अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां चालणें सूर्योदयापूर्वींच आटोपावें. दुसरी सूचना मनाविषयीं. जी उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते, जिच्यामुळें अन्न, झोंप व अभ्यास यांवरचें चित्त उडतें, किंवा जगूंच नये असें वाटूं लागतें, ती केवळ फिरण्यानें जाईल असें समजूं नये. तेव्हां आईबापांस, शिक्षकांस अगर डॉक्टरांस सांगावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. ज्याप्रमाणें ताप आला तर कोणी लाजत नाहीं, त्याप्रमाणें मन आजारी पडलें तरी लाजूं नये.

तात्पर्य, आमचें मागणें फार मोठें नाहीं. पालकांनीं भाकर, डाळ व भाजी यांस ताटांत पुन्हां मानाची जागा द्यावी, तेलाच्या डब्यावर तारीख लिहावी, आणि मुलांस मैदानावर पाठवून शक्य तर स्वतःही त्यांच्याबरोबर जावें. शाळेनें कवायतीचा तास दुसऱ्या विषयास देऊं नये. विद्यार्थ्यांनीं कोणाच्याही अंगाची थट्टा करूं नये, आणि जो मागें राहिला असेल त्याच्या पावलाशीं आपलें पाऊल जुळवावें. आम्ही आतां शाळेंत पायींच येतों. वाटेंत एखादा विद्यार्थी भेटला तर त्यानें सायकलवरून उतरून आमच्याबरोबर चार पावलें चालावें. त्या चार पावलांत दोघांच्याही अंगाचा आणि मनाचा भार थोडा हलका होईल, असा आमचा अनुभव आहे.

— एक शिक्षक